एका जीपमधले चौघे

नमस्कार, श्रोतेहो. रेडिओवरून फोटो दाखवता येत नाही, तेव्हा तो सांगतोच. एक उघडी अमेरिकन जीप. आत दाटीवाटीने बसलेले चार लष्करी पोलीस: एक अमेरिकन, एक इंग्रज, एक फ्रेंच, एक रशियन. गणवेश चार तऱ्हांचे. शहर व्हिएन्ना, महायुद्धानंतरचं.

१३ एप्रिल १९४५ रोजी लाल सेनेने हे शहर घेतलं. उन्हाळा सरता सरता बाकीचे तिघे आले आणि वाटण्या झाल्या. रशियनांनी इंपिरियल हॉटेल पटकावलं, तर इंग्रजांनी शोनब्रुन राजवाड्यात बस्तान मांडलं. मधलं जुनं शहर मात्र कुणा एकाला मिळालं नाही. तिथला कारभार दर महिन्याला पाळीपाळीने एकेकाकडे जाई, आणि गस्त चौघांची मिळून. एकाची भाषा दुसऱ्याला कळेना, म्हणून काम भागायचं ते मोडक्यातोडक्या जर्मनवर. म्हणजे जेत्यांना एकमेकांशी बोलायला हरलेल्यांची भाषा!

या चौघांचे असे बरेच फोटो निघाले आणि ते जगभर छापले गेले. कुणी कुणावर बंदूक रोखलेली नाही, सगळे कसे शेजाऱ्यासारखे. मला हा भलेपणा थोडा खटकतो. शहर पडलं त्या दिवसांत लाल सेनेच्या सैनिकांनी असंख्य बायकांवर अत्याचार केले. त्यानंतर आली ती उपासमार. जीपमध्ये यातलं काही दिसत नाही.

तरी एक गोष्ट मानावी लागते. १९४८ साली रशियाने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली. तेव्हाही व्हिएन्नातली ही जीप धावतच होती. याचं कारण दोस्तीत शोधू नका. ऑस्ट्रियात एप्रिल १९४५पासून कार्ल रेनर यांचं सरकार होतं, आणि पुढे चौघांनीही ते मान्य केलं. १९४६च्या करारानुसार, चौघांनी एकमताने हरकत घेतली नाही, तर तिथला साधा कायदा ३१ दिवसांनी लागू होई. आता रशिया आणि अमेरिका एकमताने हरकत घेणार कधी? त्यांच्या भांडणात व्हिएन्नाचं सरकार आपली कामं उरकत राहिलं.

१५ मे १९५५ला बेल्व्हेडिअर राजवाड्यात तहावर सह्या झाल्या. फौजा निघाल्या आणि २६ ऑक्टोबरला संसदेने तटस्थतेचा कायदा केला. ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिन आजही त्याच तारखेला असतो. नमस्कार.