आठ सेकंदांचा अंधार

[दृश्य: संध्याकाळ. झाडांखाली उभी आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी. नदीची खळखळ.]

अमेरिकेतलं टेनेसी राज्य, ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान. इथल्या एल्कमाँट कॅम्पग्राउंडभोवतीच्या जंगलात मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, मोजक्याच रात्री, काजवे एका तालात चमकतात. फोटिनस कॅरोलिनस ही त्यांची जात.

त्या दिवसांत संध्याकाळी गाडीनं आत यायचं तर लॉटरीत परवाना लागावा लागतो. इच्छुक हजारो, परवाने थोडे. पण ज्यांचा मुक्कामच एल्कमाँटला आहे, ते लॉटरीशिवाय चालत जाऊन काजवे पाहू शकतात. आरव्हीचा खरा फायदा हाच.

जागांचं बुकिंग सहा महिने आधी सुरू होतं. म्हणजे जूनच्या काजव्यांसाठी डिसेंबरात जागं व्हायचं! काजवे नेमके कधी बहरात येतील, हे वसंतातली ऊब आणि जमिनीतली ओल ठरवते. त्यामुळे जमलं तर दोन-तीन रात्री हाताशी ठेवा. आणि आधी गाडी मोजा: इथे आरव्हीला ३५ फुटांची मर्यादा आहे, ट्रेलरला ३२.

वीज, पाणी, सांडपाणी, कशाचीच जोडणी इथे नाही. पाण्याची टाकी भरूनच यायचं. जनरेटर रात्री आठला बंद.

[दृश्य: आरव्हीची पायरी. काळी चिकटपट्टी लावणारा हात.]

दार उघडलं की पायरीवरचा हा इवला दिवा आपोआप लागतो. एरवी सोयीचा. आज त्यावर पट्टी. पडदे ओढलेले, बाहेरचे दिवे बंद. टॉर्चला लाल कागद, आणि तोही फक्त चालताना, जमिनीकडे रोखून. या काजव्यांचं सगळं बोलणं उजेडात चालतं. आपला एक झोत त्यात घुसला की ते विस्कटतं.

[दृश्य: काळोख.]

दहाच्या सुमारास एक चमकतो. मग चार. मग सगळा उतार एकदम उजळतो, पाच ते आठ वेळा. आणि मिट्ट काळोख. साधारण आठ सेकंद.

अमेरिकेत असे काजवे नाहीत, असं शास्त्रज्ञ मानत होते. लिन फॉस्ट मात्र एल्कमाँटच्या आपल्या कौटुंबिक केबिनमधून ते वर्षानुवर्षं पाहत आल्या होत्या. १९९०च्या दशकात त्यांनी शास्त्रज्ञांना पत्र लिहिलं, तेव्हा कुठे अभ्यास सुरू झाला.

पायवाट सोडू नका. पायाखालच्या ओल्या पालापाचोळ्यात अळ्या आहेत. त्यांना काजवा व्हायला एक-दोन वर्षं लागतात. उडणाऱ्या प्रौढांकडे उरतात जेमतेम तीन आठवडे.

आता काळोख झाला की वर पाहू नका. खाली, गवताच्या मुळाशी पाहा. सगळे नर विझलेत, आणि त्या आठ सेकंदांत, एका पात्यावरून, मादीचं मंद उत्तर.