तक्रारीच्या फॉर्ममधला एकच रकाना

जून 2014. ट्विटरवर अचानक मागणी सुरू झाली: ‘फादर्स डे’ बंद करा. मागणी करणारी खाती कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांची दिसत होती. प्रत्यक्षात ती फोरचॅन या निनावी चर्चा-संकेतस्थळावरच्या टोळक्याने उघडलेली होती. स्त्रीवादाची टर उडवायची आणि गोऱ्या व कृष्णवर्णीय स्त्रियांत फूट पाडायची, असा बेत.

कृष्णवर्णीय स्त्रीवादी शफीका हडसन यांना या खात्यांची भाषा खटकली. आपल्या समाजाची बोली इतकी ओढूनताणून कोणी लिहीत नाही. फोटो चोरलेले, खाती नवी, आणि या वर्तुळातल्या कोणाशीच त्यांची जुनी ओळख नाही. हडसन यांनी #युअरस्लिपइजशोइंग (म्हणजे साधारण ‘तुमचे सोंग उघडे पडतेय’) हा हॅशटॅग काढला. तोतया खाते सापडले की त्याखाली टाकायचे, बाकीच्यांनी ब्लॉक करायचे. कंपनीची वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

दोनच महिन्यांनी गेमरगेट, म्हणजे व्हिडिओ गेमच्या क्षेत्रातल्या स्त्रियांच्या ऑनलाइन छळाची मोहीम, उसळले, तोतया खात्यांचा तोच डाव घेऊन. बातम्यांचा पूर आला तो तेव्हा.

ऑक्टोबर 2017 मध्ये निर्माता हार्वी वाइनस्टीनच्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध बोलणाऱ्या अभिनेत्री रोझ मॅकगोवन यांचे खाते तात्पुरते बंद झाले आणि स्त्रियांनी ट्विटरवर एक दिवसाचा बहिष्कार पुकारला. कृष्णवर्णीय स्त्रियांनी विचारले: वर्षभरापूर्वी कृष्णवर्णीय अभिनेत्री लेस्ली जोन्स यांच्यावर वंशद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला, तेव्हा हा बहिष्कार कुठे होता? प्रश्न रास्तच होता.

2018 मध्ये ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने ब्रिटन-अमेरिकेतल्या 778 महिला राजकारणी व पत्रकारांना आलेले ट्वीट तपासले. शिवीगाळ किंवा आक्षेपार्ह मजकुरात कृष्णवर्णीय स्त्रियांचा उल्लेख होण्याची शक्यता गोऱ्या स्त्रियांपेक्षा 84 टक्के जास्त निघाली. सगळ्या स्त्रियांची सरासरी काढली असती, तर हा फरक दिसलाच नसता.

वंश आणि लिंग यांचा एकत्रित फटका न दिसण्याचे हे अंधत्व जुने आहे. पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीवर भेदभावाचा दावा लावला. 1976 मध्ये न्यायालय म्हणाले, वंशभेद म्हणा किंवा लिंगभेद, दोन्ही मिळून नाही. याच निकालाची चिरफाड करत कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी 1989 मध्ये ‘इंटरसेक्शनॅलिटी’ची, म्हणजे वंश, लिंग असे भेद एकमेकांत मिसळून वेगळाच अन्याय घडवतात या कल्पनेची, मांडणी केली.

तक्रारीचा ऑनलाइन फॉर्मही बहुधा एकच कारण निवडायला लावतो. म्हणून जास्तीची माहिती लिहायला जागा असेल, तर शिवीतला वंशाचा आणि बाईपणाचा, दोन्ही भाग तिथे स्पष्ट लिहावेत. त्याआधी पोस्टची लिंक, तारीख-वेळ आणि पूर्ण स्क्रीनशॉट जपावा. नुसता कापलेला फोटो पुरत नाही, आणि पोस्ट उडवली की लिंकही निकामी होते. पाठराखण करणाऱ्यांनी ती पोस्ट कोट करून फिरवू नये. त्याने हल्लेखोराला नवे प्रेक्षक मिळतात. तक्रार नोंदवावी, आणि पुरावा गोळा करायचे काम पीडितेकडून आपल्याकडे घ्यावे.