टेक्सासचं शिक्षण बोर्ड आपणच निवडायचं

नमस्कार मंडळी. आज ज्या बोर्डाबद्दल बोलायचंय त्याचं नाव आपल्यातल्या बऱ्याच जणांनी फक्त बॅलटवर वाचलेलं असेल, आणि तिथपर्यंत पोचेस्तोवर कंटाळा येऊन ती ओळ कोरीच सोडली असेल. स्टेट बोर्ड ऑफ एज्युकेशन. 15 मेंबर, 4 वर्षांची टर्म, पगार शून्य. प्लेनो, केटी अशा एकेका गावाचं स्कूल बोर्ड ते वेगळं, हे अख्ख्या राज्याचं. आपल्या मुलांनी कुठल्या इयत्तेत काय शिकायचं ते ठरवणारे टीक्स म्हणजे अभ्यासक्रमाचे स्टँडर्ड्स हे बोर्ड पास करतं, पुस्तकांच्या यादीवर शिक्का यांचाच, आणि नवीन चार्टर स्कूल, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र संस्थेने चालवलेली शाळा, नको असेल तर अडवायचा अधिकारही यांना आहे. 2020 च्या जनगणनेनुसार टेक्सासची लोकसंख्या 2 कोटी 91 लाख, तिला 15 ने भागलं तर एकेका मेंबरमागे 19 लाखांहून जास्त माणसं येतात, म्हणजे काँग्रेसमनपेक्षा अडीचपट मोठा मतदारसंघ, आणि तरी त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नसतं!

मग दर काही वर्षांनी कोणीतरी म्हणतं, बंद करा ही निवडणूक, चांगली शिकलेली माणसं नेमा. ऐकायला बरं वाटतं. टेक्सासने ते करून पण बघितलंय. 1984 मध्ये रॉस पेरो या उद्योगपतीच्या कमिटीने शाळा सुधारायचा मोठा प्लॅन आणला, शिक्षकांचे पगार, वर्गातली मुलांची संख्या, नापास झालास तर फुटबॉल बंद, असं बरंच काही त्यात होतं, आणि पेरोचं ठाम म्हणणं होतं की निवडून आलेलं जुनं बोर्ड हे सगळं हाणून पाडेल. म्हणून ते बरखास्त करून गव्हर्नरने नेमलेलं 15 जणांचं बोर्ड आलं. सुधारणा खरंच चांगल्या होत्या असं माझं मत आहे. पण 1987 मध्ये लोकांना विचारलं की आता बोर्ड नेमायचं का निवडायचं, तर लोकांनी सांगितलं, निवडायचं. अलाबामात तर अगदी अलीकडे, 2020 च्या मार्चमध्ये, निवडलेलं बोर्ड काढून नेमलेलं आणायचा प्रस्ताव मतदानाला आला तेव्हा जवळपास पाऊण मतदारांनी तो फेटाळला.

लोक चुकीची माणसं निवडत नाहीत का? निवडतात. कॅन्ससचंच बघा. 1999 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या निवडून आलेल्या बोर्डाने 6 विरुद्ध 4 मतांनी विज्ञानाच्या स्टँडर्ड्समधून उत्क्रांतीचा बराचसा भाग काढून टाकला, तज्ज्ञांच्या कमिटीने लिहिलेला मसुदा समोर असताना. जगभर चेष्टा झाली. पण पुढच्याच वर्षीच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत, त्या गटाची माणसं पडली, अध्यक्षबाई सुद्धा, आणि 2001 च्या फेब्रुवारीत उत्क्रांती परत आली. मग 2005 मध्ये उत्क्रांतीवर शंका घेणारे स्टँडर्ड्स आले, 2006 च्या प्रायमरीत परत पाडलं, 2007 मध्ये परत दुरुस्त. ही सगळी ओढाताण मुलांच्या डोक्यावरून झाली हे खरंय आणि मला त्याचं वाईट वाटतं, पण दोन्ही वेळा चूक दुरुस्त केली ती मतदारांनीच, दोन वर्षांच्या आत. गव्हर्नरने नेमलेली माणसं असती तर काढायची कशी? आधी गव्हर्नर बदला, आणि गव्हर्नर निवडताना कोणी चौथीच्या विज्ञानाचा विचार करत नाही.

आपल्याकडेही 2010 मध्ये हेच झालं. उत्क्रांतीवर शंका घेणारे डॉन मॅकलरॉय, व्यवसायाने डेंटिस्ट, ज्यांना गव्हर्नरने बोर्डाचं अध्यक्ष केलं होतं, ते रिपब्लिकन प्रायमरीत एक टक्क्याहून कमी फरकाने हरले. हे परत एकदा ऐका, प्रायमरीत. यातल्या बहुतेक जागांचा निकाल नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत लागतच नाही, तो मार्चमधल्या प्रायमरीत लागतो, आणि तेव्हा आपण सगळे स्प्रिंग ब्रेकची तिकिटं बघत असतो.

आता 2024 चा नोव्हेंबर. ब्लूबॉनेट नावाचा सरकारी अभ्यासक्रम बोर्डापुढे आला, बालवाडी ते पाचवी, भाषेच्या धड्यांमध्ये बायबलमधल्या गोष्टी. ऐच्छिक आहे, पण घेणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टला दर विद्यार्थ्यामागे 60 डॉलरपर्यंत मिळतात. तो पास झाला 8 विरुद्ध 7. त्या 8 मधलं एक मत आपल्या डॅलस-फोर्ट वर्थ भागातल्या सीटचं होतं. आधीच्या मेंबरने सीट सोडली होती, पुढची मेंबर बिनविरोध ठरलेली होती आणि जानेवारीत बसणारच होती, पण मधल्या दोन महिन्यांसाठी गव्हर्नरने तिला न घेता दुसरीच व्यक्ती नेमली, आणि त्या व्यक्तीने बाजूने मत दिलं. अभ्यासक्रम तुम्हाला आवडो न आवडो, ज्या माणसाला एकानेही निवडलेलं नाही त्याच्या एका मताने हा निर्णय झाला. कायद्यात बसतं ते. पण कायदा बदलला पाहिजे, जागा रिकामी झाली आणि पुढचा मेंबर ठरलेला असेल तर त्यालाच लगेच बसवा, इतकी साधी मागणी आहे माझी.

आणि हो, महाराष्ट्रातलं आठवा. एप्रिल 2025 मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हिंदीचा जीआर निघाला, आपल्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवडेच्या आठवडे दुसरं काही चाललं नव्हतं, आणि 29 जूनला सरकारला तो मागे घ्यावा लागला. सरकार लोकांनीच निवडलेलं होतं, पण या विषयासाठी म्हणून मत द्यायची जागा पालकांना कुठेच नव्हती, त्यामुळे रस्त्यावर येण्याशिवाय इलाज नव्हता. विधान परिषदेत शिक्षकांसाठी 7 जागा आहेत. पालकांसाठी शाळेच्या समितीपलीकडे काही नाही. इथे आपल्याला ती जागा मिळालीय आणि आपण ती ओळ कोरी सोडतो, याचा मला खरंच त्रास होतो.

तर सिटिझन असाल तर मतदानाच्या 30 दिवस आधी नाव नोंदलेलं पाहिजे, प्रायमरीत कुठल्याही एका पक्षाचं बॅलट मागता येतं, आधी पक्षात नाव नोंदवायची गरज नाही. पूर्वी एका बटणात एकाच पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देता यायचं, ते 2020 पासून बंद आहे, त्यामुळे खालपर्यंत जाऊन ही ओळ स्वतःच भरावी लागते. एच-वन वर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर मत नाही, पण ऑस्टिनला बोर्डापुढे बोलता येतं, त्याला सिटिझनशिप लागत नाही. आधी ऑनलाइन नाव द्यायचं, बोलायला मोजकी मिनिटं मिळतात, म्हणून लिहून न्या, आणि कुठल्या इयत्तेचा कुठला स्टँडर्ड त्याचा नंबर सांगून बोला.