पालवा बंदरावरची एक रात्र

(दृश्य: सकाळची वेळ. मांडव्याहून निघालेली लाँच, मागे सीगल्सचा थवा.)

आम्हा अलिबागकरांना मुंबई आधी घुमटातून दिसते. लाँच मांडव्याचा धक्का सोडून बरीच आत आली की धुरकट क्षितिजावर आधी तो तांबडा घुमट वर येतो. मग त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली करड्या दगडाची इमारत, आणि अगदी जवळ आल्यावर गेटवेची कमान. लहानपणी मला वाटायचं, गेटवे जुना आणि ताजमहाल हॉटेल नंतरचं. प्रत्यक्षात उलटं आहे. हॉटेल उघडलं 16 डिसेंबर 1903 रोजी. गेटवेची कमान खुली झाली 1924 साली. म्हणजे 21 वर्षं या इमारतीसमोर नुसतं बंदर होतं आणि समुद्र होता.

जुनी माणसं या बंदराला पालवा बंदर म्हणत. इंग्रजांच्या तोंडी त्याचं अपोलो झालं.

या घुमटाकडे मी आयुष्यभर लाँचमधून बघत आले. आजची रात्र मी त्याच्याखाली राहणार आहे.

(दृश्य: लॉबी. मग गालिचा अंथरलेला जिना, खालून वर.)

सामान तपासणीच्या यंत्रातून सरकतं, कुणीतरी हात जोडून नमस्कार करतं, आणि दार मागे मिटलं की कुलाब्याचा गलका एकदम बंद होतो. पण या लॉबीत फार रेंगाळू नका. ती 1973 साली उभ्या राहिलेल्या टॉवरच्या बाजूची. तिथून डावी-उजवी करत जुन्या भागात या आणि जिन्याच्या पायथ्याशी उभे राहा. इथे जमशेटजी टाटांचा अर्धपुतळा आहे. त्याच्याशेजारी थांबून मान वर करा.

मजल्यावर मजला चढत जातो, प्रत्येक मजल्याला कठड्याचं कडं, आणि सगळ्यांच्या वर घुमटाची पोकळी. मधोमध जिना. त्याला खालून आधार देणारा खांब शोधला तर सापडत नाही. पायऱ्या जणू अधांतरी वर गेल्यात. हे कसब बांधकामाचे कंत्राटदार खानसाहेब सोराबजी रतनजी यांचं. कठड्यावरून हात फिरवत मी दोन मजले चढले. लिफ्ट होती, पण मन झालं नाही.

आणि या इमारतीचा आराखडा? तो मूळचा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य हे नाव किती मराठी माणसांना ठाऊक आहे? बोरीबंदरचं व्हिक्टोरिया टर्मिनस बांधलं जात होतं तेव्हा त्याचा वास्तुविशारद स्टीव्हन्स याच्या हाताखाली साहाय्यक अभियंता म्हणून तेच काम करत होते. म्हणजे मुंबईच्या ज्या दोन इमारती जगभरच्या पोस्टकार्डांवर छापल्या गेल्या, त्या दोन्हींत या माणसाचे श्रम आहेत. हॉटेल पूर्ण झालेलं मात्र त्यांना बघायला मिळालं नाही. पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने तडीस नेलं, आणि बोलण्यात बहुतेक वेळा त्याचंच नाव राहिलं. मला याची रुखरुख वाटते.

(दृश्य: खोलीची खिडकी. खाली गेटवेसमोरचं पटांगण.)

माझी खोली समुद्राकडची. काच जाड आहे, त्यामुळे खालची सगळी गर्दी मूकपटासारखी दिसते. लाँचची रांग. फुगेवाला. गळ्यात कॅमेरा अडकवून 'फोटो, फोटो' करत मागे लागणारे फोटोग्राफर. त्यातल्या एकाने एका चिमुरडीला उभं केलंय आणि तिचा हात हवेत धरून तो तिला काहीतरी समजावतोय. थोड्या वेळाने कळलं. ताजचा घुमट चिमटीत पकडल्याचा फोटो! ती एक डोळा मिटून, जीभ दातांत धरून बोटं जुळवतेय. मी खिडकीतून हात हलवला. तिला दिसणं शक्यच नव्हतं.

मी काच थोडी सरकवली आणि भोंगा, कबुतरं, खारा वास, सगळं एकदम आत आलं.

जमशेटजींनी हे हॉटेल उभारायचं ठरवलं तेव्हा मुंबई प्लेगने पोळलेली होती. 1896 पासून माणसं शहर सोडून पळत होती. अशा वेळी त्यांनी स्वतःचा पैसा इथे ओतला. खांब पॅरिसहून, लिफ्ट जर्मनीहून, पंखे अमेरिकेहून. विजेचे दिवे लागले तेव्हा मुक्कामाला पाहुणे होते फक्त 17. आणि उद्घाटनानंतर पाच महिन्यांतच, मे 1904 मध्ये, जमशेटजी जर्मनीत वारले.

(दृश्य: सी लाउंज. चहाची किटली, शेवबटाटापुरीची बशी.)

दुपारचा चहा पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये. चांदीच्या किटलीशेजारी शेवबटाटापुरी. मुंबईत हे अजिबात विजोड दिसत नाही. या टेबलांवर कित्येक घरांतली लग्नं जमली. मुलगा-मुलगी खिडकीपाशी, आईवडील दोन टेबलं सोडून, आणि सगळ्यांची नजर समुद्राकडे असल्याचा बहाणा.

(दृश्य: रात्र. हॉटेलमागची गल्ली, निखाऱ्यांवरचे कबाब.)

संध्याकाळी मात्र बाहेर पडायलाच हवं. ताजची पाठ ओलांडली की दोन मिनिटांत बडेमियाँच्या शिगांचा धूर डोळ्यांत जातो. गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून लोक जेवतायत. पुढे कॉजवेवर कानातल्यांचे ठेले, भावाची घासाघीस, आणि पलीकडे रीगल सिनेमा, 1933 चा. अलिशान मुक्कामाची किंमत खोलीच्या शांततेत मोजतात. मला ती या दोन मिनिटांच्या अंतरात वाटते. हॉटेल गावाबाहेर, झाडीत दडलेलं असतं तर त्याचं हे रूप झालंच नसतं.

(दृश्य: रात्रीचा रिकामा कॉरिडॉर. निवेदनाचा आवाज खाली.)

रात्री उशिरा परतले. कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं. 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र इथे आठवतेच, टाळता येत नाही. दहशतवाद्यांच्या हल्ल्यात 31 माणसं या हॉटेलात मृत्युमुखी पडली. पाहुणे होते, कर्मचारी होते. मागची दारं, जिने, वाटा पाठ असलेले कर्मचारी स्वतः सहज निसटू शकले असते. ते थांबले. पाहुण्यांना आधी बाहेर काढत राहिले. 15 ऑगस्ट 2010 ला हा जुना भाग पुन्हा उघडला. लॉबीत त्या 31 जणांची नावं कोरलेली आहेत. मी ती सगळी वाचली, सावकाश.

(दृश्य: पहाट. ससून डॉक, मग पुन्हा हॉटेल.)

पहाटे पाचला ससून डॉक गाठला. 1875 चा हा गोदीधक्का. बर्फाच्या लाद्या, टोपल्यांची फेकाफेक, आणि लिलावात कोळणींचा आवाज सगळ्यांच्या वर. ओल्या चपलांनी परत आले तर दरवानाने तितक्याच अदबीने दार उघडलं.

निघण्याआधी एकच काम राहिलं होतं. हॉटेलच्या मूळ दाराची बाजू बघायची. लोक सांगतात, हे हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं आणि ते पाहून वास्तुविशारदाने जीव दिला. ही भाकडकथा आहे. पाहुणे शहरातून घोडागाडीने येणार, म्हणून दार शहराकडे, पश्चिमेला ठेवलं होतं. समुद्र खोल्यांच्या वाट्याला दिला होता. इमारतीचे दोन हात शहराच्या बाजूला पुढे आलेले आहेत, येणाऱ्याला कवेत घ्यावं तसे. घोडागाड्या जिथे वळत, तिथे आता पोहण्याचा तलाव आहे.

(दृश्य: तलावाचा काठ. पाण्यात इमारतीचं प्रतिबिंब.)

मी त्या काठावर उभी आहे. समुद्र पलीकडे, दिसत नाही. सकाळचं पाणी अजून कुणी ढवळलेलं नाही. आयुष्यभर मी हे घर मागच्या बाजूने बघत होते. वैद्यांनी कागदावर काढलं ते दार या बाजूला होतं.

(पाण्यात पहिला पोहणारा उतरतो. प्रतिबिंब हलतं.)