हिवाळी तेल

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचं हे न्यू बेडफर्ड बंदर. १८५७ साली इथली ३०० हून जास्त गलबतं देवमाशांच्या शिकारीवर होती. एकदा निघालेलं गलबत परतायला तीन-चार वर्षं लागत. गुलामगिरीतून निसटलेल्या आणि पुढे गुलामगिरीविरोधी चळवळीचे नेते झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांनीही १८३८ मध्ये इथे गलबतात तेल चढवण्याची हमाली केली होती.

देवमाशाचं हे तेल दिव्यासाठी. साध्या देवमाशाचं तेल स्वस्त, पण उग्र वासाचं आणि धूर करणारं. खरा भाव होता स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाच्या तेलाला. त्याच्या अवाढव्य डोक्यात मेणकट, तेलकट द्रव्याचा साठा असतो. जिवंतपणी ते पातळ असतं, गार झालं की पांढरं घट्ट होतं. खलाशी ते बादल्यांनी उपसत. समुद्राच्या तळाकडे, जिथे उजेड पोहोचतच नाही, तिथे हा प्राणी आवाज सोडून आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून माखलं शोधतो. तो आवाज घडतो याच डोक्यात, याच तेलातून.

अंगावरच्या चरबीसाठी डेकवरच विटांची भट्टी असे. तिच्यावर दोन मोठ्या लोखंडी कढया. चरबीचे काप कढत, तेल सुटलं की उरलेला कोरडा चोथा त्याच भट्टीत सरपण म्हणून जाई. रात्रंदिवस काळा धूर, निसरडं डेक आणि कपड्यांतून न जाणारा वास.

आता किनाऱ्यावरचं काम बघा, कारण खरी कारागिरी इथे आहे. डोक्यातलं द्रव्य शरदात उकळून पिंपांत भरायचं आणि थंडीत गोठू द्यायचं. मग ऐन हिवाळ्यातच तो गोळा पोत्यांत भरून लाकडी दाबयंत्राखाली पिळायचा. त्या गारठ्यातही जे पातळ राहून गळलं, ते हिवाळी तेल. कडाक्याच्या थंडीत ते दिव्यात गोठत नसे, म्हणून अमेरिकेच्या दीपगृहांना तेच लागे. वसंतात उरलेला गोळा पुन्हा पिळायचा आणि शेवटी राहिलेल्या शुभ्र मेणाच्या मेणबत्त्या ओतायच्या. त्यांची ज्योत इतकी स्थिर की १८६० मध्ये ब्रिटनने प्रकाश मोजायचं कायदेशीर माप याच मेणबत्तीवरून ठरवलं.

१८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेकच्या विहिरीला खनिज तेल लागलं. स्वस्त रॉकेल घरोघरी पोहोचलं आणि देवमाशाच्या तेलाचे दिवे मागे पडले.

रॉकेलने देवमासे वाचवले, असं हमखास सांगितलं जातं. ते खरं नाही. दिवा गेला, पण साबण, मार्गरीन आणि यंत्रांच्या वंगणासाठी मागणी उभी राहिली. वाफेच्या बोटी आणि स्फोटक भाले आले. विसाव्या शतकात सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. १९६० च्या दशकात तर एकेका वर्षात २० हजारांहून जास्त स्पर्म व्हेल मारले जात होते, तेव्हा घराघरांत वीज होती. व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली ती थेट १९८६ मध्ये.