डोळ्याला हात लावू नका

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय लढाईत डोळ्याला मार बसलेल्या जवानांबद्दल. आता बघा, अख्ख्या अंगाच्या मानाने डोळा केवढासा, पृष्ठभागाच्या जेमतेम ०.१ टक्का, पण इराक-अफगाणिस्तानात जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांत साधारण दहातल्या एकाच्या डोळ्याला इजा होती. कारण सोपं आहे, छातीला जॅकेट, डोक्याला हेल्मेट, चेहरा मात्र उघडा, आणि सुरुंग फुटला की माती, खडे, काचा सगळं तोंडावरच येतं.

आणि डोळ्यांचा सर्जन काही खंदकात बसलेला नसतो हो, तो मागे कुठेतरी मोठ्या हॉस्पिटलात, म्हणजे पहिला अर्धा तास असतो बाजूच्या सोबत्याच्या नाहीतर नर्सिंग असिस्टंटच्या हातात. त्याचं मुख्य काम काय, तर डोळा न दाबणं! आपल्याला सवय कशी, रक्त दिसलं की रुमाल घट्ट बांधायचा, हातापायाला ते ठीक आहे, पण बुबुळ फाटलेलं असेल तर त्या दाबाने आतलं बाहेर येतं आणि मग सर्जनकडे शिवायला काही उरतच नाही. म्हणून वर कडक वाटीसारखं शील्ड लावायचं, भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल असं, डोळ्याला न लागणारं. शील्ड नसेल तर कागदी कपाचा तळ कापून लावला तरी चालतो, खरंच. रुतलेली कपची उपटायची नाही, मलम घालायचं नाही. अँटिबायोटिकची गोळी मात्र द्यायची, आणि उलटीवरचं औषधही, ते कशाला म्हणाल, तर ओकारीच्या जोरानेही डोळ्यावर दाब येतो. शिवाय बोटं मोजता येतायत का, निदान उजेड कळतोय का, हे तिथल्या तिथे लिहून ठेवायचं, पुढच्या डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो. अपवाद एकच, केमिकल उडालं तर कशाची वाट न बघता भरपूर पाण्याने धूत राहायचं.

मग शक्यतो २४ तासांत टाके, पडद्याचं ऑपरेशन वगैरे नंतर. पूर्वी मोठ्ठं लोहचुंबक लावून पोलादाची ठिकरी ओढून काढायचे, पण खडे, काच, प्लॅस्टिक चुंबकाला कुठे दाद देणार?

आणि एवढं करूनही नजर गेली तर? इथे मला क्लुथा मॅकेन्झी आठवतात. न्यूझीलंडचे, १९१५ ला गॅलिपोलीच्या लढाईत दोन्ही डोळे गेले, लंडनला सेंट डन्स्टन्स या अंध सैनिकांच्या संस्थेत आंधळेपणी जगायचं शिकले, आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, याच माणसाने आपल्या देहरादूनला दृष्टी गेलेल्या भारतीय जवानांसाठी तसंच केंद्र काढलं. स्वतः त्यातून गेलेला माणूस ना, नुसती दया करून भागत नाही हे त्याला सांगावं लागलं नसणार. १९५० ला ते सरकारकडे आलं, सगळ्या प्रौढ अंधांसाठी खुलं झालं, आणि १९५१ मध्ये तिथेच ब्रेलचा छापखाना सुरू झाला. त्याच वर्षी भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल लिपी, ठरलं, त्या खटपटीतही मॅकेन्झी होतेच. आपलं मराठी ब्रेल त्यातलंच.