डोंगरातल्या बागेला गाडी कोणती?

श्रोतेहो, नमस्कार.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा वर घाटमाथ्यावर ज्यांच्या बागा डोंगरउतारावर आहेत, त्यांच्याशी आज बोलायचं आहे. डांबरी रस्ता खाली, कलमं वर. शेणखत आणि फवारणीचं पाणी वर न्यायचं, आंब्याच्या पेट्या खाली आणायच्या, आणि मुंबईहून मुलं आली की त्याच वाटेने सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारावर, फिरायलाही जायचं. या सगळ्याला पुरेल अशी एक गाडी प्रत्येकाला हवी असते. मग शोरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला: "चढाला चालेल ना?" माझं सांगणं असं, की तो प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी विचारा, भरलेली गाडी उतरेल कशी?

चढताना ताकद कमी पडली तर गाडी थांबते, ब्रेक दाबून विचार करायला वेळ मिळतो. उतारावर मालच गाडीला ढकलत असतो. पाच फूट पुढे गेलं की एक फूट खाली येणारी वाट धरा. आपल्याकडे अशा वाटा कितीतरी आहेत. तिथे एक टन माल जवळजवळ दोनशे किलोच्या जोराने खाली ओढतो. एक टन म्हणजे डीएपी खताच्या वीस गोण्या, किंवा हजार लिटरची भरलेली टाकी. त्यात आंबा उतरतो तो एप्रिल-मेमध्ये. एखादा वळीव पडला की जांभ्याची लाल माती साबणासारखी होते, आणि नेमकी त्याच वाटेने भरलेली गाडी खाली आणायची असते.

आता एकेक गाडी बघू. पॉवर टिलर आपल्याकडे भाताच्या खाचरासाठी आला आणि मागे छोटी ट्रॉली जोडून माल वाहायलाही लागला. स्वस्त आहे, अरुंद वाटेने जातो, डिझेल थोडं खातो. पण त्याची एक गोष्ट नव्या माणसाला कुणीतरी सांगायलाच हवी. सपाटीवर डाव्या मुठीखालचा क्लच दाबला की टिलर डावीकडे वळतो, कारण डाव्या चाकाची ताकद तुटते आणि उजवं चाक पुढे जातं. तीव्र उतारावर उलटं होतं. डाव्या चाकाला इंजिनाने धरून ठेवलेलं असतं, ते क्लच दाबताच मोकळं सुटतं, वेगाने पुढे धावतं आणि टिलर उजवीकडे वळतो. वळणावर, बाजूला दरड असताना ही उलटापालट जिवावर बेतू शकते. म्हणून उतारावर क्लचला हात लावू नका, दांडा अंगाच्या जोराने वळवा. आणि वाट फार उभी असेल तर टिलरच्या ट्रॉलीत टनभर माल भरूच नका.

छोटा ट्रॅक्टर, पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा, तोही चारही चाकांना ताकद देणारा, हा मला बागेसाठी सगळ्यात योग्य वाटतो. कलमांच्या ओळींतून जातो, फवारणीचा पंप चालवतो, खालच्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने उतरतो. इंजिनच त्याला रोखून धरतं, ब्रेकवर सगळा भार पडत नाही. मात्र त्याचे नियम कडक आहेत. ट्रॉली जोडायची ती खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या ओढायच्या दांड्यालाच. वरच्या बाजूला साखळी बांधून ओढलं तर चढावर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलथतो, चालवणाऱ्याला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. डाव्या-उजव्या ब्रेकचे दोन पेडल उतारावर एकमेकांना अडकवलेलेच हवेत. न्यूट्रल तर नाहीच. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर ती मागून ढकलत ट्रॅक्टरला आडवं करते, म्हणून उतरताना माल निम्म्यावर आणा आणि दोन फेऱ्या करा. पाण्याची टाकी मात्र अर्धी भरू नका. आतलं पाणी हेलकावे खातं आणि वळणावर सगळं वजन एका बाजूला जातं. न्यायची तर छोटी टाकी न्या, पण काठोकाठ भरून.

पिकअप रस्त्यावर उत्तम. टनाच्या वर माल घेते, थेट वाशीच्या बाजारापर्यंत जाते. बहुतेक पिकअपची ताकद मागच्या चाकांना असते, त्यामुळे भरलेली पिकअप चढ नीट चढते आणि रिकामी असताना ओल्या मातीत जागेवरच चाक फिरवत बसते. चारही चाकांना ताकद देणारी, म्हणजे फोर बाय फोर पिकअप मिळते, तिचा विचार जरूर करा. पण वाटेवर दोन गडग्यांमधली, म्हणजे दगडी कुंपणांमधली, सगळ्यात अरुंद जागा टेप लावून मोजा. पिकअप तिथेच अडते.

आणि जीप! १९४७ पासून महिंद्राच्या जीपने आपले डोंगर पाहिले, १९८५ मध्ये मारुतीची हलकी जिप्सी आली, २०१० मध्ये महिंद्राचीच थार. फिरण्यासाठी यांना तोड नाही. फोर्स कंपनीच्या गुरखा गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक आहे. साध्या गाडीचं एक चाक खड्ड्यावर अधांतरी झालं की सगळी ताकद त्या चाकातून वाया जाते. लॉक लावला की जमिनीवरचं चाकही फिरतं. पण या गाड्यांत चार माणसं बसल्यावर पेट्या ठेवायच्या कुठे? मालासाठी जीप घेऊ नका. परदेशी पद्धतीच्या बग्ग्याही, म्हणजे मोठ्या टायरच्या छोट्या उघड्या मोटारगाड्या, आता दिसतात. त्यांचं काम चांगलं असतं, पण मे महिन्यात सुटा भाग लागला तर तो किती दिवसांत मिळेल, हे घेण्याआधीच विचारा.

चढावर गाडी बंद पडली तर? ती आडवी वळवू नका, आडवी गाडी कलंडते. ब्रेक धरा, रिव्हर्स टाका आणि आलात तशा सरळ रेषेत, इंजिनाने गाडी रोखून धरत, मागे उतरा.

आणखी एक विनंती. सड्यावर फिरायला जाल तेव्हा गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा. त्या उघड्या कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरलेली चित्रं आहेत. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कित्येक चित्रं अजून मातीखाली आहेत, टायरखाली आली तर आपल्याला कळणारही नाही. पावसात त्याच कातळावर इवली फुलझाडं येतात, त्यांचीही मुळं बोटभर मातीत असतात. आणि वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय गाडी नेऊ नका.

गाडी घ्यायचं ठरलं की विक्रेत्याला तुमच्या वाटेवर बोलवा. गोण्या भरा, उताराच्या मध्यावर गाडी थांबवायला सांगा आणि नुसत्या हँडब्रेकवर ती उभी राहते का बघा. मग तिथूनच पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय न ठेवता खाली आणायला सांगा. ती कशी उतरते ते पाहूनच पैशाचं बोला.

नमस्कार.